विश्लेषण : सिंगापूरमध्ये एक सेमिस्टर; फी माफ, मग खर्च कशाचा?

विषुववृत्ताजवळच्या सिंगापूर बेटावर एक सेमिस्टर शिकायचे आणि तिथली फी भरायची नाही! इंजिनीअरिंगच्या मुलांना 'स्टुडंट एक्स्चेंज' म्हणूनच खुणावते. पण हिशेब इथे संपत नाही.

फी माफ कशी?
दोन विद्यापीठांत करार असतो. विद्यार्थी फी आपल्याच कॉलेजात भरतो. राहणे, जेवण, विमानतिकीट, विमा मात्र स्वतःच्या खिशातून.

मोठा खर्च कोणता?
घरभाडे. हा देश जेमतेम ७३५ चौरस किलोमीटरचा, मुंबईपेक्षा थोडाच मोठा. हॉस्टेलमध्ये जागा न मिळाल्यास बजेट कोलमडते. एक्स्चेंज विद्यार्थ्यांना अर्धवेळ नोकरीचीही परवानगी नसते.

क्रेडिटचे काय?
खरी जोखीम इथेच. तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी धरला जाईल, याची लेखी मंजुरी निघण्यापूर्वीच घ्यावी. नाहीतर परतल्यावर तो विषय पुन्हा करण्याची वेळ येऊ शकते.

कधी जावे?
नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरची सत्रे ऑगस्ट आणि जानेवारीत सुरू होतात. शेवटच्या वर्षी ऑगस्टमध्ये गेल्यास कॅम्पस प्लेसमेंट हुकण्याची भीती असते. त्यामुळे तिसऱ्या वर्षाचे जानेवारी सत्र अधिक सोयीचे.