आधी लाइक करा, मग पैसे भरा : नव्या फ्रीलान्सरने खोटं काम कसं ओळखायचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटाने एक आकडा जाहीर केला. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत फसवणुकीच्या अड्ड्यांशी जोडलेली ६८ लाखांहून जास्त व्हॉट्सअ‍ॅप अकाउंट्स त्यांनी बंद केली होती. त्याच घोषणेत कंबोडियातल्या एका टोळीची कामाची पद्धतही सांगितली होती. पहिला मेसेज चॅटजीपीटीकडून लिहून घ्यायचा, त्यात व्हॉट्सअ‍ॅप चॅटची लिंक द्यायची, तिथून माणसाला टेलिग्रामवर न्यायचं, टिकटॉक व्हिडिओ लाइक करायचं 'काम' द्यायचं, कमाई वाढतेय असं दाखवायचं आणि शेवटी क्रिप्टोत पैसे भरायला लावायचे.

यातलं टिकटॉक काढून गूगल मॅप्सचं रेटिंग टाका, क्रिप्टो काढून यूपीआय टाका. झाला तुमच्या फोनवर येणारा 'घरबसल्या पार्ट टाइम जॉब'चा मेसेज तयार. माझ्या फोनवर तर महिन्यातून दोन-तीनदा तरी असं आमंत्रण येतंच.

आपल्याकडे हे प्रकरण सरकारी पातळीवर गाजलं ते डिसेंबर २०२३ मध्ये. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आयफोरसी या सायबर गुन्हे केंद्राच्या शिफारशीवरून गुंतवणूक आणि 'टास्क'वर आधारलेल्या पार्ट टाइम नोकरीच्या फसवणुकीतल्या १०० हून जास्त वेबसाइट्स ब्लॉक झाल्या. अशा जाहिरातींचं लक्ष्य कोण, तेही सरकारी निवेदनात होतं : निवृत्त कर्मचारी, महिला आणि काम शोधणारे बेरोजगार तरुण. अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनकडे २०२० मध्ये अशा टास्क घोटाळ्याची एकही तक्रार नव्हती. २०२३ मध्ये ती संख्या ५,००० झाली आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,००० वर गेली. म्हणजे फसणारे फक्त आपल्याकडचे 'भोळे' लोक आहेत, हा समज आधी डोक्यातून काढून टाका.

नवा फ्रीलान्सरच का सापडतो?

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. यात डिलिव्हरीवाले आले, कॅबवाले आले आणि लॅपटॉपवर डिझाइन, भाषांतर, कोडिंग करणारेही आले.

फसवणूक टाळायची म्हणून आपल्याला एक सल्ला कायम मिळतो : अनोळखी माणसाच्या मेसेजला उत्तर देऊ नका. नोकरदाराला तो सल्ला चालतो. फ्रीलान्सरचं मात्र पोटच अनोळखी माणसाच्या मेसेजवर असतं. क्लायंट दिसत नाही, ऑफिस नाही, एचआर नाही, आणि चौकशी करावी असा शेजारच्या टेबलावरचा सहकारीही नाही. त्यात प्रोफाइल नवं, रिव्ह्यू शून्य. पहिलं काम मिळावं म्हणून माणूस थोडं पडतं घ्यायला तयार असतो, आणि ठगाला नेमकं तेच हवं असतं. त्यामुळे 'सावध राहा' एवढं सांगून भागत नाही. खरं काम आणि खोटं काम वागण्यात कुठे वेगळं पडतं, ते ओळखता यायला हवं.

पहिले दोनशे रुपये कुठून येतात?

टास्क घोटाळ्यात लोक अडकतात कारण सुरुवातीला पैसे खरंच येतात. तीन व्हिडिओ लाइक केले, १५० रुपये जमा. संध्याकाळी पुन्हा ५०. 'फ्रॉड असता तर पैसे दिले असते का?' हा प्रश्न मला वाचकांकडून सगळ्यात जास्त येतो.

हिशोब असा बघा. दुसऱ्या दिवशी 'प्रीपेड टास्क' येतं : १,००० भरा, १,३०० मिळवा. तेही मिळतात. मग ५,००० भरायला सांगतात. आता अ‍ॅपच्या स्क्रीनवर तुमचे ६,५०० दिसतात, पण काढता येत नाहीत. 'टास्क चुकलं', 'क्रेडिट स्कोअर कमी झाला', 'आधी टॅक्स भरा', अशी दर वेळी नवी अडचण निघते आणि प्रत्येक अडचणीवर उपाय एकच : अजून पैसे भरा. दरम्यान ग्रुपमधले बाकीचे 'मेंबर' आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात. ते बहुतेक ठगांचेच साथीदार. सुरुवातीचे पाचशे रुपये हा त्यांचा धंद्याचा खर्च असतो, आणि तो ते तुमच्याकडून कित्येक पटींनी वसूल करतात.

याहून गंभीर गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. तुम्हाला आलेले ते पाचशे रुपये दुसऱ्या एखाद्या फसलेल्या माणसाच्या खात्यातून आलेले असू शकतात. त्याने तक्रार केली की पोलीस पैशाचा माग काढतात, आणि त्या वाटेवर तुमचं खातंही लागतं. मग बँक ती रक्कम अडवते, कधी अख्खं खातंच गोठवते. म्हणजे पुढे एक रुपयाही भरला नाही तरी 'फुकट मिळतंय तेवढं घेऊन बाजूला होऊ' ही हुशारी अंगाशी येऊ शकते.

दिसायला खऱ्या कामासारखे असलेले सापळे

लाइकवाला प्रकार आता बऱ्याच जणांना कळतो. पुढचे चार प्रकार खऱ्या कामाचा वेश घेऊन येतात.

डेटा एंट्री आणि 'नोटीस'. तुमची सही आणि आधार घेऊन करार होतो. शेकडो फॉर्म पाच-सहा दिवसांत, ठरावीक अचूकतेने भरायचे. वेबसाइट मुद्दाम अडकते किंवा तुमचं काम 'नापास' ठरतं. मग 'वकिला'चा फोन येतो : करारभंग झाला, इतके हजार भरा, नाहीतर अटक. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा आदेश नाही. आणि टायपिंग अपुरं राहिलं म्हणून पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. गावात बदनामी होईल या भीतीने मुलं गुपचूप पैसे भरतात. हा सगळा धंदा त्या भीतीवर चालतो.

रजिस्ट्रेशन, किट, डिपॉझिट. लॅपटॉप पाठवतो, त्याचं डिपॉझिट द्या. ट्रेनिंग फी द्या, पहिल्या पगारात परत करू. कारण काहीही असो, पैसे तुमच्याकडून त्यांच्याकडे जाताहेत.

खातं भाड्याने. 'तुमच्या बँक खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेवा आणि बाकीचे पुढे पाठवा.' किंवा 'तुमचं अपवर्क अकाउंट वापरायला द्या, महिन्याला ठरावीक रक्कम देतो.' पहिल्या प्रकारात तुम्ही 'म्यूल' होता, म्हणजे चोरीचा पैसा वाहून नेणारे, आणि गुन्ह्यात तुमचंही नाव येऊ शकतं. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची एआय यंत्रणा तयार केली आहे, त्यावरून हा प्रकार किती पसरलाय ते कळतं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या नावावर कोण काय काम करतंय, याचा तुम्हाला पत्ताच नसतो.

कोडिंग टेस्ट. हा प्रकार डेव्हलपर मंडळींसाठी. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीने एक मोहीम उघड केली. उत्तर कोरियाशी जोडलेले हॅकर्स रिक्रूटर बनून फ्रीलान्स डेव्हलपरना गाठत होते. 'या प्रोजेक्टमधला बग काढून दाखवा' म्हणून कोड पाठवायचा. तो कॉम्प्युटरवर चालवला की ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेट चोरीला. त्यामुळे अनोळखी माणसाचा कोड आपल्या रोजच्या मशीनवर कधीच चालवू नका, त्यासाठी वेगळं व्हर्च्युअल मशीन ठेवा. मोबाइलवाल्यांसाठी याचाच भाऊ म्हणजे चॅटवर आलेली एपीके फाइल. काम देणाऱ्याला तुमच्या फोनमध्ये स्वतःचं अ‍ॅप टाकायची गरज नसते.

'कधीच पैसे भरू नका' हा नियम पुरतो का?

जवळजवळ पुरतो, पण एक बारीक फरक लक्षात ठेवावा लागतो. अपवर्कवर प्रस्ताव पाठवायला 'कनेक्ट्स' लागतात, ते संपले की विकत घ्यावे लागतात. बहुतेक साइट्स तुमच्या कमाईतून कमिशन कापतात. हा पैसा प्लॅटफॉर्मला जातो, त्याच्याच वेबसाइटवर, आधीच लिहून ठेवलेल्या दराने. क्लायंटला किंवा त्याच्या 'मॅनेजर'ला तुम्ही पैसे द्यायचे, असं खऱ्या कामात होत नाही. तुम्ही काम विकताय, तो घेतोय. दुकानदाराने गिऱ्हाइकाला पैसे दिल्याचं कधी पाहिलंय?

टॅक्सचंही तसंच. भारतीय क्लायंट टीडीएस कापतो तो तुमच्या बिलातून, आणि तो तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या साइटवर दिसतो. 'आधी टॅक्स भरा, मग पेमेंट सोडतो' म्हणणारा माणूस ठग आहे, इथे वेगळी चौकशी करायचीही गरज नाही. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

उलट काही गोष्टी संशयास्पद दिसतात, पण खऱ्या असू शकतात. क्लायंटचं इंग्रजी तुटकं असणं, प्रोफाइलवर फोटो नसणं, छोटी टेस्ट मागणं. एवढ्यावरून काम सोडू नका. तसंच भाषा छान आहे म्हणून विश्वासही ठेवू नका, कारण आता ठगांचे मेसेज एआय लिहून देतं. स्पेलिंगच्या चुका शोधायचा जुना उपाय आता कामाचा राहिला नाही. टेस्ट मागितली तर ती छोटी आहे का ते बघा. दोन परिच्छेदांचं भाषांतर ही टेस्ट झाली. अख्खं प्रकरण फुकट मागणं म्हणजे काम काढून घेणं.

होकार देण्याआधीची दहा मिनिटं

१. कंपनीचं नाव मेसेजमधल्या लिंकवरून न उघडता स्वतः शोधा. तिथल्या ईमेलवर विचारा : या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का? ठग खऱ्या कंपन्यांचीच नावं वापरतात, त्यामुळे कंपनी खरी असणं पुरेसं नाही.

२. 'कंपनीच्या ईमेलवरून पाठवाल का?' असं विचारा. मी टेलिग्रामवाल्या 'एचआर'ना हा प्रश्न हमखास विचारतो. आजवर एकाचाही ईमेल आलेला नाही.

३. वेबसाइटचं डोमेन कधी नोंदवलं ते 'हूइज' शोधून बघा. वीस वर्षं जुनी म्हणवणाऱ्या कंपनीचं डोमेन गेल्या महिन्यातलं निघालं, तर काय समजायचं ते समजा.

४. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर संशयित फोन नंबर, यूपीआय आयडी, बँक खातं तपासायची सोय आहे. तिथे नाव नाही म्हणजे माणूस चांगला असं नाही, पण नाव असेल तर विषय संपला.

५. प्लॅटफॉर्मवर ओळख झाली असेल तर बोलणं आणि पैसे तिथेच ठेवा. करार होण्याआधी बाहेरच्या चॅटवर जायला अपवर्कचे नियमही मनाई करतात. ठरावीक रकमेच्या कामात क्लायंटने पैसे आधी एस्क्रोत टाकलेत का ते बघा आणि मगच काम सुरू करा.

६. घाई केली की थांबा. 'आज रात्रीपर्यंत सीट भरेल' असं म्हणणाऱ्याला सांगा, उद्या सकाळी कळवतो. खरा क्लायंट एक रात्र थांबतो.

पैसे गेले असतील तर

आधी १९३० वर फोन, मग वरच्या पोर्टलवर तक्रार. हे तासाभरात झालं तर पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, यूटीआर नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवा. अडकलेले पैसे सोडवायला 'शेवटचे' म्हणून काहीही भरू नका. आणि काही दिवसांनी 'तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त फी द्या' असा फोन आला, तर तो त्याच फसवणुकीचा पुढचा भाग समजा.

तुमच्या कॉलेजच्या किंवा गावच्या ग्रुपवर कोणी अशी लिंक टाकली, तर त्याला सगळ्यांसमोर वेड्यात काढू नका. त्याला वेगळा मेसेज करून एवढंच विचारा, 'तू यात पैसे भरलेस का?' भरले असतील तर तो आधीच लाजून गप्प बसलेला असतो, आणि प्रत्येक गप्प तासासोबत ते पैसे लांब जात असतात. त्याच्या शेजारी बसा आणि १९३० लावून द्या.