कार्ड हातात, औषध बाहेर

आजाराने माणूस मरतो, हे आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस कोणी शिकवावयास नको. परंतु माणूस बरा होऊन घरी येतो आणि घर मात्र बुडते, हा प्रकार अलीकडे इतका सार्वत्रिक झाला आहे की त्याची कोणास लाजही वाटेनाशी झाली. पूर्वी कोणाची दुभती म्हैस बाजारात निघाली म्हणजे ‘कोणाचे लगीन काढले?’ असे लोक विचारीत. आता ‘घरात कोण आजारी आहे?’ असे विचारतात.

ही रड केवळ आपलीच नाही. जगात सर्वांत धनाढ्य म्हणून मिरविणाऱ्या अमेरिकेत ४ डिसेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरी एका बड्या आरोग्यविमा कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याचा भर रस्त्यावर गोळ्या घालून खून झाला. खून तो खूनच. त्याची तरफदारी आम्ही करणार नाही. परंतु मृताबद्दल हळहळण्याऐवजी तिकडील असंख्य सामान्य लोकांनी आपापली नामंजूर झालेली बिले चव्हाट्यावर मांडली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या देशात अडीच कोटींहून अधिक लोकांस विमाच नाही. आणि ज्यांस आहे त्यांस ऐन अडचणीत ‘हा उपचार बसत नाही’ असे कंपनीचे उत्तर येते. पैशाची वाण नसलेल्या देशात ही अवस्था! आणि आमचे सरकार त्याच वाटेला लागते आहे की काय, अशी आम्हांस धास्ती वाटते.

कोणी म्हणेल, मास्तर, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना? आहे, आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचविले हे आम्ही नाकारीत नाही. २ जुलै २०१२ रोजी ही योजना राजीव गांधींच्या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढील वर्षी राज्यभर गेली, २०१७ साली तिला महात्म्याचे नाव मिळाले. आधी कुटुंबास वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती. ती ५ लाख करून सर्व रेशनकार्डधारकांस लाभ देण्याचे २०२३ साली ठरले. ऐकावयास हे गोड आहे. पण योजनेची मेख अशी की, ती खाटेवर पडलेल्या माणसासाठी आहे. रोज घ्यावयाची साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, तपासणीची फी यांना तीत जागा नाही. म्हणजे हृदयाची नस तुंबली तर सरकार लाखो रुपये मोजील. ती तुंबू नये म्हणून लागणारी गोळी मात्र तुम्ही आपली मजुरी मोडून आणा!

आमच्या माहितीतल्या एका कुंभाराचे असेच झाले. रक्तदाबाची गोळी जवळच्या सरकारी दवाखान्यात दोन महिने आली नाही. बाहेरून काही दिवस आणली, मग ‘बरे वाटते’ म्हणून सोडली. एके दिवशी चाकावर बसल्या बसल्याच उजवे अंग गेले. शहरातील एका खासगी इस्पितळात नेले तर प्रथम अनामत मागितली. योजनेची मंजुरी येईपर्यंत तपासण्या व औषधे पदरची. कारभारणीचे डोरले सोनेतारणात गेले. जीव वाचला, पण पुढे हातापायांचा जो व्यायाम शिकवून घ्यावा लागतो, त्यासाठी तालुक्याला जाण्याचे रिक्षाभाडे आणि दर खेपेची फी कोणत्याच कार्डात बसेना. आज ते चाक सोप्यात उभे आहे व घर धाकट्या पोराच्या हमालीवर चालले आहे.

गावच्या आरोग्य केंद्राची ही गत, तर शहराची काय? कोल्हापूरचा थोरला दवाखाना, म्हणजे पूर्वीचे आल्बर्ट एडवर्ड व आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हा आपल्या साऱ्या जिल्ह्याचा आधार. तेथील डॉक्टर व परिचारिका मर मर मरतात हे आम्ही पाहिले आहे; दोष त्यांचा नव्हे. परंतु १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यांत सर्व उपचार मोफत, असा जो डंका वाजला, तो निर्णय सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांपुरता होता. थोरला दवाखाना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेला, म्हणून तो दुसऱ्या खात्याचा; ती रुग्णालये त्या निर्णयात धरली नाहीत. रोग्याला खाते कळते काय? गगनबावड्याच्या, शाहूवाडीच्या डोंगरातून आलेल्या बाईला मोफत आणि फीचा हा भेद कोणी समजावून सांगावा? चंदगडकर तर कोल्हापूर लांब म्हणून बेळगावच गाठतो.

पैसा नाही, ही सबब आम्हांस पटत नाही. भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते की, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचा अडीच टक्के भाग सरकारांनी आरोग्यावर खर्चावा असे लिहिले; ते लिहिलेलेच राहिले. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ साली आरोग्यावरील एकूण खर्चाच्या दर शंभर रुपयांतील ३९ रुपये लोकांनी थेट आपल्या खिशातून भरले. मन असले म्हणजे काय होते ते तमिळनाडूत पाहावे. औषधखरेदीसाठी तेथे १९९४ साली स्वतंत्र महामंडळ निघाले, जिल्ह्याजिल्ह्यांत कोठारे बांधली, आणि दवाखान्यांना तेथून औषध मिळू लागले. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत औषधे फुकट दिली व २०२३ साली आरोग्याच्या हक्काचा कायदाही केला. आमच्याकडे खरेदी २०१७ साली हाफकिनकडे दिली, ती धड चालेना म्हणून २०२३ साली नवे प्राधिकरण काढले. कचेऱ्या बदलल्या, ‘बाहेरून आणा’ ही चिठ्ठी बदलली नाही.

धर्मादाय इस्पितळांचे तर बोलूच नये! करात सवलती घ्यावयाच्या आणि दारात गरीब आला की अनामत मागावयाची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा इस्पितळांत शंभरातील १० खाटा निर्धनांस मोफत व आणखी १० दुर्बलांस सवलतीत द्यावयाच्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या मृत्यूनंतर दहा लाखांच्या अनामतीवरून महाराष्ट्र पेटला, तेव्हा कोठे पुष्कळांस हा नियम कळला. नियम कळू न देणे हाही एक धंदाच आहे.

ज्या महात्म्याच्या नावाचे कार्ड आज आपल्या हाती आहे, त्यांच्या सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी स्वतः त्याच रोगाने गेल्या. दत्तक पुत्र डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात त्या रोगी पोचवीत. त्या कोणाचे रेशनकार्ड तपासत बसल्या नव्हत्या.

बंधुभगिनींनो, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व २६ जानेवारी या दिवशी ग्रामसभा भरतात. तेथे गटारीवर व दिव्यांच्या खांबांवर दोन दोन तास भांडण होते. या खेपेस आरोग्य केंद्राच्या औषधांच्या साठ्याचे पुस्तक मागवा. कोणती गोळी किती दिवस नव्हती ते सभेत मोठ्याने वाचून घ्या आणि ठरावात लिहून घ्या. इस्पितळात गेलात तर आधी आरोग्यमित्राचे टेबल कोठे आहे ते विचारा, पैसे भरलेच तर पावती सोडू नका. धर्मादाय इस्पितळ असेल तर निर्धनांच्या खाटांचा फलक दाखवा म्हणा. नाही दाखविला तर धर्मादाय सहआयुक्तांकडे लेखी अर्ज करावा. अर्ज लिहिता येत नसेल त्याने गावच्या शाळेत यावे. शाळा सुटल्यावर आम्ही मास्तर मंडळी तेथेच असतो, कागद आमचा.