दुल्हेभाईंची फियाट

गेल्या महिन्यात थोरल्या आपाचा फोन आला. "रविवारी ये. मुलं वाटणीला बसतायत, हिशोब तू मांड." उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या मास्तरला लोक हिशोबाला का बोलावतात, हे आम्हाला वीस वर्षांत कळलेले नाही. पण आपाने सांगितले म्हणजे निघायचे, एवढे कळते. सकाळच्या एसटीने कोल्हापूर गाठले.

दुल्हेभाईंच्या इंतकालाला पावणेदोन वर्षे झाली. मागे राहिले ते घर, पोस्टातले थोडे पैसे आणि अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली १९६८ ची फियाट अकराशे. घराचे आणि पैशांचे गणित अर्ध्या तासात सुटले. आपाचा आठवा हिस्सा बाजूला काढला, उरलेल्याचे पाच वाटे, दोन मुलांना दोन-दोन आणि मुलीला एक. अडले ते गाडीपाशी. गाडीचे वाटे पडत नाहीत, तिची किंमत करावी लागते. त्यासाठी जुन्या गाड्या घेणारे पुण्याचे एक गृहस्थ दुपारी यायचे होते. वर्षभरापूर्वी त्यांनी फोटो पाहून एक आकडा सांगितला होता आणि सगळ्यांच्या डोक्यात तोच आकडा बसला होता.

ते आले. ताडपत्री काढली. आणि आम्हीच गाडी ओळखली नाही.

धाकट्या भाच्याला रेसिंगचा नाद आहे. कोल्हापूरच्या पोराला तो लागला तर नवल नाही, जवळच कार्टिंगचा ट्रॅक आणि उद्यमनगरात लेथवर हवे ते घडवून देणारे कारागीर. वडील गेल्यावर त्याने हळूहळू गाडी "तयार" केली होती. मूळचे १०८९ सीसीचे इंजिन काढून मारुती एस्टीमचे १२९८ सीसीचे बसवले. फियाटचा गिअर स्टिअरिंगजवळ असतो. तो काढला, तळाचा पत्रा कापून नवा गिअर खाली आणला. पुढची सलग सीट गेली, दोन बकेट सीट आल्या. आत लोखंडी पिंजरा वेल्ड केला. रुंद टायर घासू नयेत म्हणून चाकांवरचा पत्रा कापला. पुढे चार जादा दिवे आणि मागे असा सायलेन्सर, की म्हणे गाडी गल्लीत शिरली की आपा नमाज लांबवायची.

पुण्याचे गृहस्थ काही बोलले नाहीत. बॉनेट उघडून इंजिनचा नंबर पाहिला, आरसी बुक मागितले, दोन्ही ताडून पाहिले. गालिचा उचलून तळाच्या भोकात बोट घातले. मग त्यांनी वर्षापूर्वीच्या आकड्याच्या निम्माही नसलेला आकडा सांगितला.

"काका, मी सव्वादोन लाख घातलेत हिच्यात!" भाचा म्हणाला.

"तेवढे काढायला मलाही लागतील," ते शांतपणे म्हणाले.

भाच्याने मग त्याचा हुकमी मुद्दा काढला. "मामू, रेसच्या जुन्या गाड्या तर कोटींना जातात!" खोटे नव्हते ते. २०१८ साली अमेरिकेत एका लिलावात १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. पण ती रेससाठीच बनलेली, तशा अवघ्या ३६ गाड्या निघाल्या, आणि तिने त्याच वर्षी इटलीत प्रत्यक्ष शर्यती जिंकलेल्या. साध्या गाडीचे उदाहरण हवे तर मिनी कूपरचे घ्या. १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली लाल मिनी इंग्लंडमधल्या संग्रहालयात आहे. तिच्यासारखा रंग आणि तसेच दिवे लावलेल्या मिनी कितीतरी असतील, त्यांना कोणी तिची किंमत देत नाही. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे फियाट आणि अँबॅसडरही फेरफार करून पळवल्या जात. त्यातली एखादी आज त्या काळच्या फोटोंसह, नोंदींसह सापडली, तर तिचे कापलेले पत्रेसुद्धा मोलाचे ठरतील.

म्हणजे फेरफार वाईट असतो असे नाही. तो कधी झाला, कोणी केला आणि त्याचा कागद आहे का, यावर किंमत ठरते. दुल्हेभाईंनी १९७० साली ही गाडी शोलावरमला पळवली असती तर तो तिचा इतिहास झाला असता. मुलाने पंचावन्न वर्षांनी ती गल्लीत पळवली, तर घेणाऱ्याच्या लेखी ती मोडतोड. दुल्हेभाई गाडी चाळीसच्या वर नेतच नसत, हा भाग वेगळा.

त्या गृहस्थांनी भाच्याला आणखी एक गोष्ट समजावली, ती आम्हाला पटली. जे नट-बोल्ट सोडून परत निघते त्याने किंमत फारशी घसरत नाही, मूळ भाग जपून ठेवले असले म्हणजे झाले. सीट, चाके, दिवे, सायलेन्सर हे सगळे परत येते. कापलेला आणि वेल्ड केलेला पत्रा परत येत नाही. आणि सर्वात मोठी गोष्ट म्हणजे कारखान्यातून ज्या नंबरचे इंजिन आले, त्याच नंबरचे गाडीत असणे.

इथवर विषय पैशांचा होता. आपाने मग कपाटातून एक पाकीट आणून आमच्या हातात दिले आणि चहा करायला निघून गेली.

पाकिटात इन्शुरन्स कंपनीचे पत्र होते. गेल्या पावसाळ्यात जादा दिव्यांच्या वायरिंगला शॉर्टसर्किट होऊन बॉनेटखाली आग लागली होती. शेजाऱ्यांनी वाळू टाकून विझवली. भाच्याने क्लेम केला, सर्व्हेअर येऊन गेला आणि क्लेम फेटाळला गेला. थोरल्याला, बहिणीला, आम्हाला, कोणालाच हे ठाऊक नव्हते.

वर्गात उतारा वाचतो तसे आम्ही ते पत्र आणि पॉलिसी भाच्याला शेजारी बसवून ओळीने वाचली. नकाराची कारणे दोन. पहिले म्हणजे पॉलिसी मरहूमांच्याच नावावर होती. भाच्याने मोबाइलवरून हप्ता भरून ती त्याच नावाने पुढे चालू ठेवली होती. मालक वारल्यावर चालू पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच टिकते; तेवढ्यात वारसांनी ती आपल्या नावावर करून घ्यायची असते. आरटीओलाही मृत्यू तीस दिवसांत कळवून तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज द्यावा लागतो. याबद्दल एकट्या भाच्याला काय बोलणार? दफनविधीनंतर घराच्या उताऱ्याची चौकशी आम्ही दहा वेळा केली, गाडीच्या कागदांची एकदाही नाही. तुमच्या घरात असे कोणी गेले असेल आणि दारात त्यांची गाडी किंवा स्कूटर उभी असेल, तर हे पान खाली ठेवा आणि आधी तिचे कागद पाहा.

दुसरे कारण इंजिनचे. आरसी बुकात एक नंबर, गाडीत दुसरा. भाचा म्हणाला, "मेस्त्री बोलले होते, हप्त्यात फरक पडत नाही, कंपनीला कळवायची गरज नाही." मेस्त्रींचे अर्धे बरोबर होते. थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासूनच्या दराने १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये. १०८९ असो की १२९८, गट तोच. पण हप्ता तोच म्हणजे जोखीम तीच असे नव्हे. कंपनीने विमा उतरवला होता चाळीस-बेचाळीस हॉर्सपॉवरच्या, जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीचा. दारात उभी होती ती त्याच्या दीडपट ताकदीची, ब्रेक मात्र तेच. विमा हा परस्पर खरे सांगण्याचा करार असतो. जे सांगितलेच नाही, त्याची भरपाई मागायला तोंड राहत नाही. जादा दिवे, सीट, स्टिरिओ यांचीही किंमत वेगळी नोंदवून त्यावर हप्ता भरावा लागतो, नाहीतर कंपनीच्या दृष्टीने ते गाडीत नसतातच. भाच्याचे सव्वादोन लाख पॉलिसीत कुठेच नव्हते.

गाडीची विम्यातली किंमत, ज्याला आयडीव्ही म्हणतात, ती पाच वर्षांपर्यंत ठरलेल्या घसाऱ्याने निघते. त्यापुढे ती कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते. व्यवहारात होते असे, की एजंट काहीतरी आकडा टाकतो आणि आपण सही करतो. दुल्हेभाईंच्या पॉलिसीत साठ हजार होते. जुनी, जपलेली गाडी असेल तर फोटो, बिले आणि मूल्यांकनाचा अहवाल देऊन तो आकडा आधीच मान्य करून घ्यावा. नुकसान झाल्यावर वाद घालून उपयोग नाही.

पॉलिसीच्या एका ओळीपाशी आम्ही थांबलो आणि भाच्याला ती दोनदा वाचायला लावली. वापराच्या मर्यादांमध्ये लिहिले होते, की आयोजित शर्यती, वेगचाचणी आणि तशाच इतर चाचण्यांसाठी गाडी वापरल्यास हे संरक्षण लागू नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीत ही ओळ असतेच. "तू कधी शर्यतीत उतरवलीस?" आम्ही विचारले. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "एकदाच. धावपट्टीवर." तिथे कोणी मध्ये आले असते तर? माणसाचा जीव गेला तर भरपाई लाखांत ठरते. शर्यतीचे कारण सिद्ध झाले तर कंपनी हात झटकू शकते, आणि कोर्टाने आधी भरायला लावले तरी नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. मालक कोण, तर मरहूम. म्हणजे त्यांची मिळकत, म्हणजे हेच घर आणि पोस्टातले तेच पैसे. आपा दारात कप घेऊन उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी लागते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचना बदलता येणार नाही असे बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. भाच्याचे फेरफार आम्ही बोटांवर मोजू लागलो, त्याने आमचा हात धरून खाली केला.

त्याला खरे लागले ते पुढचे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली दुचाकी-चारचाकी, जिच्या चॅसीत, बॉडीत आणि इंजिनात मोठा बदल नाही, ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. रोजच्या वापराला बंदी. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरती बाहेर काढायची. थर्ड पार्टीच्या हप्त्यात निम्मी सूटही मिळते. दुल्हेभाईंची फियाट वयाने यात बसत होती. पोराने ती बाहेर काढली.

"माझ्या वाट्यातून वजा करा," भाचा म्हणाला. थोरला लगेच हो म्हणाला, आम्ही थांबवले. त्याचा नाद त्याचा, पण गाडी एकट्याची नव्हती. तिच्यात आईचा आठवा होता, बहिणीचा वाटा होता, आणि न विचारता कापला गेला तो त्यांचाही पत्रा होता. आम्ही हिशोब असा मांडला: वडील गेले त्या दिवशी गाडी जशी होती तशी तिची किंमत धरायची, आणि आजच्या किमतीशी जो फरक पडेल तो धाकट्याने सोसायचा. त्याने गाडी जितकी मूळ रूपात आणली, तितका फरक कमी. बहीण म्हणाली, "मला पैसे नकोत, पण अब्बांची गाडी आहे तशी बघायचीय." पुण्याचे गृहस्थ चप्पल घालता घालता म्हणाले, मूळ इंजिन त्याच नंबरचे परत बसले तर दोन महिन्यांनी मला पुन्हा बोलवा.

मूळ इंजिन कुठे आहे, ते भाच्याला नक्की ठाऊक नव्हते.

संध्याकाळी आम्ही तिघे उद्यमनगरात गेलो. मेस्त्री आधी म्हणाले, भंगारात गेले असेल. मग आमच्या तोंडाकडे पाहून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेले. पोत्यांखाली, एका मोडक्या ड्रिल मशीनमागे, ऑइल आणि धुळीने काळे झालेले एक इंजिन पडले होते. भाच्याने रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेतला. थोरल्याने मोबाइलचा दिवा धरला. आम्ही आरसी बुक उघडून एकेक आकडा वाचत गेलो आणि भाचा लोखंडावरून बोट फिरवत "हो" म्हणत गेला. शेवटच्या आकड्याला त्याचा आवाज बसला.

गिअरबॉक्सही निघाला. सलग सीट मेस्त्रींच्या घरी ओट्यावर होती, त्यांची आई तिच्यावर बसून भाजी निवडते. ती द्यायला त्या लगेच कबूल झाल्या नाहीत. स्टिअरिंगजवळच्या गिअरचा दांडा मात्र विकला गेला होता. मेस्त्री म्हणाले, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाल्या, त्यांचे सामान कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे आले असेल, तिथे बघा. ही गाडी बनली तीही कुर्ल्यातच, प्रीमियरच्या कारखान्यात. भाच्याने शुक्रवारच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट काढले आहे. पिंजरा कापायला तो आल्यावर सुरुवात होईल. कापलेल्या तळाला जुना पत्रा जोडता येतो का, ते मेस्त्री पाहणार आहेत.