भोक पाडलेल्या ड्रमचा भाव

जुन्या ड्रममध्ये कोणताही बदल दिसला की किंमत सरळ निम्मी करावी, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला घेणाऱ्यालाही बुडवतो आणि विकणाऱ्यालाही.

शिकागोच्या लुडविग कंपनीचे १९६०च्या दशकातले सेट पाहा. स्नेअरच्या तारा ताणणारा खटका बदललेला असला, पण भोके मूळचीच असली, तर जुना खटका शोधून बसवता येतो. तेवढा खर्च वजा केला की झाले. बास ड्रमच्या कवचात टॉम बसवण्यासाठी नवी भोके पाडली असतील, तर ते लाकूड परत येत नाही. त्याहून वाईट म्हणजे कवच कापून आखूड करणे किंवा कडा नव्याने तासणे, कारण त्या काळातल्या गोलसर कडांवरच त्याचा आवाज तोललेला असतो. संग्राहक इथे पाठ फिरवतो, ते योग्यच.

वाजवणाऱ्याचे गणित निराळे. आवरण नवे, पण कवच गोल आणि कडा शाबूत, असा सेट त्याच्यासाठी उत्तम सौदा.

रिंगो स्टारचा लुडविग सेट २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला, हा पत्रातला दाखलाही गैरलागू आहे. ती बीटल्सची किंमत होती. तुलना करायची तर त्याच वर्षाच्या, त्याच मापाच्या आणि तसाच बदल झालेल्या सेटच्या प्रत्यक्ष विक्रीशी करावी, मागितलेल्या किमतीशी नव्हे.