भांडुपमधील पक्षाघाताच्या रुग्णांना वेळेत उपचार मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका,
महापालिका मुख्यालय, मुंबई

विषय : भांडुपच्या डोंगरवस्तीतील पक्षाघाताच्या रुग्णांसाठी साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन व औषधोपचाराची व्यवस्था, तसेच नाहूर येथील रुग्णालयात पक्षाघात कक्ष सुरू करणे.

महोदय,

आम्ही टेंभीपाडा, हनुमान टेकडी, खिंडीपाडा, प्रतापनगर आणि आसपासच्या वस्त्यांतील रहिवासी आहोत. आमच्यापैकी काहीजण लकव्यातून बचावले आहेत आणि बरेचजण अशा माणसाची घरी सेवा करीत आहेत. हा आजार आम्ही घरात पाहिला आहे. त्यातले किती अपंगत्व टाळता आले असते, हेही आता आम्हाला कळते. म्हणून हे निवेदन.

पक्षाघातात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ जड होणे ही लक्षणे दोन्हींत सारखीच दिसतात. उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या रुग्णाला दिले तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून सीटी स्कॅन झाल्याशिवाय डॉक्टर पुढे जाऊ शकत नाहीत. हे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांतच देता येते. मोठी वाहिनी बंद असेल तर तारेच्या साहाय्याने गुठळी बाहेर काढतात. त्याला बहुतेकांच्या बाबतीत 6 तास आणि निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत मुदत असते. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतील सुमारे 19 लाख पेशी मरतात, असा अंदाज 2006 साली मांडला गेला आहे. रुग्ण झोपेतून लकवा होऊन उठला असेल तर वेळ आदल्या रात्री तो धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. तिथे साडेचार तास सुरू होण्याआधीच संपलेले असतात.

आता हे घड्याळ आमच्या डोंगरावर लावून पाहावे. वरच्या चाळींपर्यंत रिक्षा येत नाही, मग रुग्णवाहिका कुठून येणार? गल्ल्यांतून दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत. रुग्णाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून किंवा चादरीच्या झोळीत घालून चौघांनी पायऱ्या उतरायच्या, आणि पावसाळ्यात त्याच पायऱ्यांवरून पाणी वाहत असते. खाली आल्यावर 108 ला चाळीचा पत्ता समजावून सांगायचा. बहुतेक घरची माणसे एवढा वेळ थांबत नाहीत, मिळेल त्या रिक्षाने जवळच्या नर्सिंग होमला जातात. तिथे रक्तदाब पाहून, सलाईन लावून ‘मोठ्या हॉस्पिटलात न्या’ असे सांगितले जाते. मोठे म्हणजे कोणते? मुलुंड, घाटकोपर की शीव? या क्षणी कुठले सीटी यंत्र चालू आहे आणि रात्री स्कॅन वाचणारे कोण आहे, हे कळण्याचा कोणताही मार्ग घरच्यांकडे नसतो. शीव इथून सुमारे 14 किलोमीटर, परळ त्याहून पुढे, आणि संध्याकाळचा लाल बहादूर शास्त्री मार्ग आपल्या परिचयाचा आहे.

आमच्यातल्या एका ताईंच्या यजमानांना रात्री जेवताना झटका आला. दोन ठिकाणांहून पुढे पाठवले गेले आणि तिसऱ्या ठिकाणी स्कॅन झाला तेव्हा पहाट झाली होती. गुठळीच होती. ते रंगकाम करायचे. आज त्यांचा उजवा हात चालत नाही आणि त्यांना शब्द सापडत नाहीत. कोणी एकाने हयगय केली असा आमचा आरोप नाही. कुठे न्यायचे हे ठरलेलेच नव्हते, ही आमची तक्रार आहे.

म्हणून आमची पहिली आणि सर्वांत निकडीची मागणी अशी : एस विभागातील पक्षाघाताच्या रुग्णाला थेट कुठे न्यायचे, हे महापालिकेने लेखी ठरवावे. त्या रुग्णालयात चोवीस तास सीटी, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आणि तातडीने निर्णय घेणारा डॉक्टर असलाच पाहिजे. यंत्र बंद पडल्यास पर्यायी ठिकाण आधीच जाहीर असावे आणि 108 च्या नियंत्रण कक्षाला ते त्याच घटकेला कळावे. रुग्ण वाटेत असतानाच रुग्णालयाला सूचना जावी, म्हणजे केसपेपरच्या रांगेत वेळ जाणार नाही. इंजेक्शनचे पैसे भरण्यासाठी नातेवाइकांना बाहेर पिटाळू नये. ते मोफत आणि अपघात विभागातच उपलब्ध असावे.

प्रत्येक रुग्णालयात मेंदूविकारतज्ज्ञ रात्रंदिवस हजर ठेवणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पण हिमाचल प्रदेशाने 2014 पासून जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना दूरध्वनीवरून तज्ज्ञांशी जोडले आणि स्कॅनची छायाचित्रे मोबाईलवर पाठवून तिथेच इंजेक्शन द्यायला सुरुवात केली. तिथले डोंगर आमच्या टेकड्यांपेक्षा कितीतरी मोठे आहेत. केरळानेही जिल्हा रुग्णालयांत पक्षाघात कक्ष उभे केले. केईएम, शीव आणि नायर या आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयांतील मेंदूविकार विभाग उपनगरीय रुग्णालयांशी असेच जोडणे मुंबईला अशक्य नाही.

नाहूर येथे महापालिकेने 360 खाटांचे रुग्णालय उभारायला घेतले, तेव्हा भांडुपकरांना मोठी आशा वाटली. ते कोणत्याही पद्धतीने चालवले जावो, त्यात पक्षाघात कक्ष पहिल्या दिवसापासून असावा आणि त्यासाठीची पदे आतापासून मंजूर व्हावीत. इमारतीचे उद्घाटन आधी आणि तज्ज्ञ मग कधीतरी, असे होऊ नये.

हा आजार किती घरांत शिरतो, याचा अंदाज मुंबईतच घेतला गेला आहे. डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली 2005 आणि 2006 मध्ये शहरातील एका निश्चित लोकवस्तीची पाहणी झाली. पंचवीस वर्षांवरील एक लाख लोकांमागे वर्षाला सुमारे 145 जणांना पहिला झटका आल्याचे तीत आढळले. त्यांतील सुमारे 80 टक्के झटके गुठळीचे होते आणि 28 दिवसांच्या आत जवळजवळ 30 टक्के रुग्ण दगावले. पुढे 2021 साली महापालिकेने स्वतः केलेल्या सर्वेक्षणात 18 ते 69 वयोगटातील 34 टक्के मुंबईकरांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले. पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येणारे कारण तेच आहे.

त्यामुळे दवाखान्यांबद्दलही सांगणे भाग आहे. आमचे लोक पहाटे कामाला निघतात आणि रात्री डोंगर चढतात. महिन्यातून दोनदा गोळ्यांसाठी रोजंदारी कोण बुडवणार? रक्तदाबाच्या गोळ्या एका वेळी किमान दोन महिन्यांच्या मिळाव्यात, दवाखाना संध्याकाळीही उघडा असावा आणि साठा खंडित होऊ नये. भांडुपमधील असंख्य कुटुंबे मूळची सिंधुदुर्गातली आहेत. केंद्राच्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची महाराष्ट्रातील सुरुवात ज्या जिल्ह्यांत झाली, त्यांत सिंधुदुर्ग होता. गावी राहणाऱ्या भावाचा रक्तदाब नोंदवहीत आहे आणि मुंबईत राबणाऱ्याचा कुठेच नाही, असे व्हायला नको. आमच्या आरोग्यसेविका घरन्घर ओळखतात. त्यांना रक्तदाबयंत्र द्यावे, रीतसर प्रशिक्षण द्यावे आणि या कामाचा वेगळा मोबदलाही द्यावा.

याच सेविकांनी लोकांना सांगावे की लकव्याच्या माणसाला तेल चोळत बसू नका, चहापाणी पाजू नका, आपल्या मनाने गोळी देऊ नका. अजून अनेक घरांत ‘वारं गेलंय, सकाळी बघू’ म्हणून रात्र काढली जाते. दहा मिनिटांत हात पुन्हा हलू लागला तरी तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो, हेही फार थोड्यांना माहीत आहे.

घरी परतलेल्या रुग्णासाठी आज जवळपास काहीच नाही. जो माणूस पायऱ्या उतरू शकत नाही, त्याला फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा घाटकोपरला कसे न्यायचे? पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक सुधारणा होते आणि तेच महिने वाया जातात. भांडुपमधील एखाद्या प्रसूतिगृहात किंवा दवाखान्यात व्यायाम व वाचा उपचाराचे केंद्र सुरू करावे आणि डोंगरावर घरी जाणारे पथक नेमावे. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 मध्ये मेंदूच्या इजेमुळे कायमची वाचा जाणे हेही अपंगत्व मानले आहे. तरीही प्रमाणपत्रासाठी अशा रुग्णाची दखल फक्त हातापायापुरती घेतली जाते, असा आमच्यातील काहींचा अनुभव आहे. प्रमाणपत्राचे शिबिर वर्षातून किमान दोनदा भांडुपमध्येच घ्यावे.

29 ऑक्टोबर हा जागतिक पक्षाघात दिन आहे. येत्या 29 ऑक्टोबरपूर्वी पहिल्या मागणीबाबत लेखी आदेश निघावा आणि त्याआधी आमच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी वेळ मिळावी, ही विनंती. बैठकीला आपत्कालीन सेवेचे अधिकारी आणि उपनगरीय रुग्णालयांचे अधीक्षकही असावेत. शक्य असल्यास त्यांनी एकदा हनुमान टेकडीच्या पायऱ्या आमच्यासोबत चढून पाहाव्यात. रुग्णाला खाली आणायच्या जागा, खुर्ची-स्ट्रेचर ठेवण्याची ठिकाणे आणि रुग्णवाहिकेचे थांबे आम्ही दाखवू. स्ट्रेचर उचलायला वस्तीतील मुले तयार आहेत.

आपले विश्वासू,
भांडुप पश्चिम येथील रहिवासी, पक्षाघातग्रस्त व त्यांचे कुटुंबीय

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सहायक आयुक्त, एस विभाग, भांडुप