टाइमपास म्हणू नका!

परभणीतला माझा नववीतला भाचा सध्या नारायण धारपांच्या नादी लागलाय आणि त्यावरून रोज बोलणी खातोय. 'असलं टाइमपास वाचण्यापेक्षा चांगलं साहित्य वाच!' चांगलं म्हणजे काय हो? गाव बी. रघुनाथांसारख्या लेखकाचं, मान्य. पण वाचनाची सुरुवात थेट तिथून किती जणांनी केली? बाबूराव अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड वाचूनच कित्येकांना पुस्तकाची चटक लागली. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ची. २०१३ला सिनेमा आला तेव्हा नाकं मुरडणारेच तिकिटाच्या रांगेत! 'तुंबाड'चं (२०१८) तेच. मुळाशी धारपांची कथा, पण पोरानं धारप हातात घेतले की भुवया वर.

आणि शेवटी धक्का देणं सोपं वाटतं काय? खुणा आधीच समोर मांडायच्या, तरी वाचकाच्या ध्यानात येऊ द्यायच्या नाहीत. धक्का बसला की भाचा मागची पानं उलटतो, लेखकानं नेमकं कुठं गंडवलं ते शोधत बसतो. आम्ही बग शोधतो तसंच :) धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं गाइडातून उतरवताना कुणी कधी मागचं पान उलटलंय?

पुढच्या पार्सलात त्याला शिरवळकरांचा फिरोज इराणी पाठवतोय. ताईची बोलणी मी खाईन.