परत येणार कशावरून?

गेल्या मंगळवारी आमच्या घरचा प्रिंटर बंद पडला. त्याचं आणि माझं वैर या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे आधी मला बरंच वाटलं. पण या खेपेला दोष त्याचा नव्हता. पुतणीने त्याच्याकडून इतके कागद छापून घेतले होते की शाईच संपली. कागद कसले, तर ती परत येणार असल्याचे पुरावे. अजून ती गेलेली नाही.

माहिती एकदाची देऊन टाकतो, म्हणजे कुरकुरायला मोकळा. पुतणी इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी पडवीत जर्मन. २०२४ साली आपल्या राज्याने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर आमच्याच सावंतवाडीचे, त्यामुळे जिल्ह्यात जर्मनची चर्चा जरा जास्तच झाली आणि नर्सिंग केलेल्या मुली, आयटीआयची मुलं वह्या घेऊन हिच्याकडे येऊ लागली. आता मे महिन्याच्या सुट्टीत, त्याच राज्यातल्या फ्रायबुर्गला, जर्मन शिकवणाऱ्यांसाठी ग्योथे इन्स्टिट्यूटचा दोन आठवड्यांचा वर्ग आहे. ही संस्था १९५१ साली निघाली ती मुळात परदेशातल्या जर्मनच्या शिक्षकांना जर्मनीत बोलावून शिकवण्यासाठीच. आपल्याकडे तिला मॅक्सम्युलर भवन म्हणतात. ज्यांच्या नावाने म्हणतात ते मॅक्सम्युलर भारतात कधी आलेच नाहीत, त्यामुळे त्यांना परत जाण्याचा पुरावा कोणी मागितला नाही. झाली माहिती.

पुतणीला मात्र मागितलाय. शेंगेन व्हिसा, ९० दिवसांच्या आतला. फी ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासातल्या आजारपणाचा विमा. ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो, आणि त्यात हसायचं नाही. बँकेचं स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आयकराचे कागद, निमंत्रणपत्र, राहण्याची सोय, शाळेचा ना हरकत दाखला. हा दाखला देणाऱ्या कार्यालयाचं नाव घेत नाही. कोणाचीच हरकत नसताना एवढे दिवस लागले, तर कोणाची असती तेव्हा काय झालं असतं एवढंच म्हणतो. शिवाय बोटांचे ठसे द्यायला कुडाळहून रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबई. एवढ्या सगळ्या कागदांच्या पोटात प्रश्न एकच: बाई, तू परत येशील कशावरून?

आणि इथे गाव विचारतंय, परत येशील कशाला?

आमच्याकडे जाण्याचे दोनच प्रकार माहीत आहेत. एक मुंबईला जाणं. आधी गिरणीत, मग गोदीत, मग ऑफिसात. असा माणूस चाकरमानी होतो, गणपतीला येतो, जमलं तर शिमग्याला येतो, घराला रंग काढतो, विहीर उपसायला पैसे देतो आणि जातो. दुसरं बोटीवर जाणं. तो माणूस कित्येक महिन्यांनी सेंटची बाटली आणि चॉकलेटं घेऊन उगवतो आणि सगळ्यांना सिंगापूर सांगतो. दोन्ही प्रकारांत गावाला मनीऑर्डर येते, माणूस येत नाही. शिकायला जायचं, आणि शिकलेलं इथल्या पोरांना येऊन शिकवायचं, हा तिसरा प्रकार गावाच्या वहीत नाहीच. तो कोणत्या रकान्यात घालायचा हेच कोणाला कळेना.

बाजारात मासे विकणाऱ्या काकीने हटकलं, "खंय चललंस गो बाय?"

"जर्मनीत, काकी. दोन आठवड्यांसाठी."

"दोन आठवड्यांत थंय घर तरी गावतला?"

शेजारचे तात्या तर चिडलेच. "थंय रवाचा सोडून परत कित्या येतंस?" अख्ख्या गावात पडवीतल्या एका विद्यार्थिनीने तेवढं विचारलं की बाई, तुम्ही नसताना आमचं व्याकरण कोण घेणार. बाकी ही तिकडे काय शिकणार, वर्गात तीस पोरं असतील तर उच्चार कसे घेतात, ज्याला इंग्रजीच धड येत नाही त्याला जर्मन कुठून सुरू करतात, याची चौकशी शून्य.

याच आठवड्यात रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं. आमच्या वहिनीची हौस. गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांनी नारळ हातात घेऊन देवाला सगळी हकीकत नीट सांगितली: ह्या आमच्या घरातला चेडू सातासमुद्रापलीकडे चललाहा, वाटेत खंय अडचण इली तर ती दूर कर, आणि थंयच तिका बरीशी नोकरी गावांदे. जमलेले सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" पुतणी माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे एकाच आठवड्यात तिच्या नावाने दोन अर्ज गेले. एकात ती परत येणार म्हणून शपथेवर लिहिलेलं, दुसऱ्यात ती येऊ नये अशी विनवणी. कोणता मंजूर होईल ते बघायचं. रामेश्वराला बँकेचं स्टेटमेंट लागत नाही, एवढं त्याचं पारडं जड आहे.

मग सामान. गाव जर ती कायमची चालली असं धरून बसलंय, तर सामानही त्याच मापाने येणार. मालवणी मसाला, कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, खाजं, काजूगर. पुतणीने युरोपीय संघाचे नियम काढून सर्वांसमोर वाचून दाखवले. मांस आणि दुधाचे पदार्थ बाहेरून न्यायला बंदी, म्हणजे पेढे बाद. फळांत नारळ, केळं, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना मोकळीक, बाकी कुठलंही फळ न्यायचं तर किडीरोगापासून मुक्त असल्याचा दाखला हवा. म्हणजे भर मे महिन्यात हापूस बाद. (२०१४ साली फळमाशी सापडली म्हणून युरोपने आपल्या आंब्यावर सरळ बंदीच घातली होती, २०१५ मध्ये उठवली. वाडीतल्या बागवाल्यांनी अजून माफ केलेलं नाही.) पण त्याच नियमांत पुढे लिहिलंय की मासे चालतात. सुके चालतात. माणशी वीस किलोपर्यंत चालतात!

हे ऐकल्यावर युरोपाविषयी पडवीतलं मत एकदम सुधारलं. पेढ्याला नाही म्हणणारे आणि सुक्या बांगड्याला हो म्हणणारे लोक आपल्यातलेच, असा निष्कर्ष निघाला. संध्याकाळपर्यंत घरात बांगडे, सोडे, गोलमो यांच्या पुड्या येऊन पडल्या. विमानात सामानाला मर्यादा असते, तिकडे नमुन्याचा पाठ घेऊन दाखवायचा असल्याने चित्रांचे तक्ते न्यायचे आहेत, हे सांगून उपयोग नाही. वहिनीने तक्ते काढून सोडे भरले, पुतणीने सोडे काढून तक्ते भरले, हे अजून चालू आहे. फ्रायबुर्गच्या वसतिगृहात हिने एक जरी बांगडा भाजला तर तिला त्याच रात्री परत पाठवतील, आणि ती परत येणार कशावरून हा प्रश्नच मिटेल. पण हा पुरावा अर्जाला जोडता येत नाही.

जोडता येत नाही असा आणखी एक पुरावा आमच्या गावाकडे आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले. संस्कृतचे मास्तर, त्यांची मार्गोपदेशिका घोकून कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. १८८६ मध्ये ते प्राच्यविद्येच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी व्हिएन्नाला गेले. तेव्हा जाचाची दिशा उलटी होती. समुद्र ओलांडणाऱ्याला जाताना कोणी काही विचारत नसे, परत आल्यावर मात्र समाज प्रायश्चित्ताचं काढी. तरी ते आले, आणि १९२५ साली जाईपर्यंत इथेच काम करत राहिले. पुण्यात त्यांच्या नावाची संस्था १९१७ पासून उभी आहे. भाषेसाठी बाहेर जायचं आणि परत यायचं, ही मालवणची चाल दीडशे वर्षांच्या घरात आलेली आहे. पण व्हिसाच्या अर्जात 'गावातील पूर्वीचे परत आलेले' असा रकाना नाही, आणि गावातही भांडारकर म्हटलं की लोक पुण्याचं नाव घेतात.

मग कोणीतरी पुतणीला सांगितलं, मालमत्ता दाखव. जमीन असलेला माणूस पळत नाही. हा सल्ला देणारा नक्की घाटावरचा. कोकणात माणूस पळतो तो बहुतेक जमिनीमुळेच.

तरी काढला सातबारा. डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या पंधरा रुपयांत मिळतो, आणि पंधरा रुपयांत एवढी करमणूक सध्या दुसरीकडे कुठे नाही. सगळ्यात वर माझ्या आजोबांचं नाव. ते गेले तेव्हा मी चड्डीत होतो. खाली चुलत आजोबा, त्यांचे मुलगे, भांडुपला गेलेले नातू, हयात नसलेली पण उताऱ्यावर ठणठणीत असलेली एक आत्या, आणि एक गृहस्थ, ज्यांना भाऊबंदांपैकी कोणीही ओळखत नाही. क्षेत्र सगळ्यांचं सामाईक. इतर हक्कांत एक कूळ, ते कूळही मुंबईला. पोटखराबा बराच, कारण निम्मा कातळ. माझा थोरला भाऊ गेल्यावर पुतणीचं नाव लागायला हवं होतं. पण भावाचं नाव लागल्याशिवाय हिचं लागणार नाही, आणि आजोबांचं उतरल्याशिवाय भावाचं लागणार नाही. त्यासाठी सगळ्या वारसांची नावं, पत्ते आणि मृत्यूचे दाखले हवेत. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. मध्यंतरी तलाठ्याचंही नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं. आमच्या उताऱ्यावर मात्र एकही नाव बदललं नाही.

आता हे इंग्रजीत करून दूतावासातल्या जर्मन अधिकाऱ्यापुढे ठेवलं, तर तो काय म्हणेल? एवढ्या गुंत्यातून दोन आठवडे सुटका मिळाल्यावर कोणती शहाणी मुलगी परत येईल? अर्ज जागच्या जागी नामंजूर. पुतणीलाही ते पटलं. ती म्हणाली, "काका, सातबारा राहू द्या. मी जूनच्या बॅचची यादी जोडते." आणि शेवटच्या उरलेल्या शाईत तिने तीच छापली: पडवीतल्या मुलांची नावं, कोण ए-वन पूर्ण करून ए-टूला बसणार, वर्ग कोणत्या तारखेपासून. मागितलेल्या कागदांत तो कागद नाही. मला विचाराल तर बाकीचे नसते तरी चाललं असतं.

ती जाईल, येईल, जर्मनचं काय व्हायचं ते होईल. पण उतारा एकदा बाहेर आल्यापासून माझी दुपारची झोप गेली आहे, आणि तिची भरपाई कुठलाच विमा देत नाही. म्हणून या सदराची उरलेली जागा मी सरळ जाहीर नोटिशीसाठी वापरतो. आमच्या समस्त भाऊबंदांना, विशेषतः भांडुपच्या, कळवण्यात येते की मे महिन्यात आंबे खायला याल तेव्हा आपापल्या घरातले मृत्यूचे दाखले आणि आधार कार्डं घेऊन आमच्या पडवीत यावं. चहा मिळेल, सोडे तर भरपूर मिळतील. आणि उताऱ्यावरच्या त्या अनोळखी गृहस्थांनी, हयात असल्यास, सगळ्यांच्या आधी यावं. त्यांना बघायला पुतणीसुद्धा विमानातून उतरून थेट घरी येईल म्हणाली आहे.